ताटली क्रमांक चार

वडगावात, बल्लारी नाल्याच्या अलीकडं,
सोनटक्क्यांच्या घरी मी हवा आणायला गेले.
"हवा?" दशरथअण्णा म्हणाले, "ती फुकट मिळते की.
पिशवी आणलीस काय?"

पिशवीच होती. आत सहा ताटल्या,
तळाशी गोठलेल्या पेजेसारखा थर,
झाकणांवर माझ्या अक्षरात: माजघर, न्हाणी,
स्वयंपाकघर, मागांची खोली, गादीशेजारी, अंगण.
अंगण कशाला, सुनेनं विचारलं.
घरातली हवा किती बिघडलीय
हे बाहेरच्या हवेला विचारल्याशिवाय सांगता येत नाही.

नात शर्वाणी, वय सात.
बोलता बोलता वाक्याच्या मधोमध थांबते,
वर बघते, मग पुढचा शब्द.
डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांच्या खाली लिहिलेलं:
घर तपासून घ्या.

अर्धा तास, मी सांगितलं.
खिडक्या बंद, पंखा बंद, केर काढायचा नाही,
उगाच फिरायचं नाही. आणि माग बंद.
माग म्हटल्यावर ललितानं माझ्याकडं असं बघितलं
जसं मी घराला कुलूप घालायला आलेय.

चारी माग थांबले.
पुढं जे झालं त्याला माझ्या तक्त्यात रकाना नाही.
आधी शेजारच्या गल्लीतले माग ऐकू आले.
मग भिंतीतलं पाणी, कुठंतरी वरून खाली.
मग एक बारीक शिट्टी,
दूध उतू जायच्या आधी पातेलं करतं तशी.
ललिता चुलीकडं बघायला उठली,
चूल बंद होती.
अण्णा नातीकडं बघत होते. तिच्या छातीकडं.
"हे रोजचं हाय?"
बोलायचं नाही, मी खुणेनं सांगितलं.
ते उठून मागांच्या खोलीत गेले.
फिरायचंही नव्हतं, पण त्यांना कोण सांगणार.

टिळकवाडीच्या प्रयोगशाळेत
तिसऱ्या दिवशी न्हाणी काळी झाली, मिरी सांडल्यागत.
गादीशेजारची हिरवी, मखमली, हात फिरवावासा वाटेल अशी.
अंगणात सात ठिपके, तेही लाजत.
आणि क्रमांक चार:
कडेला सुताच्या तुसाभोवती राखाडी झुबके,
मधोमध पिवळट दाण्यांची दाट रांगोळी,
लांबट, गोलसर,
एका अंगठ्याएवढी.

सर म्हणाले, दूषित नमुना. पुन्हा घे.

मी फोन केला. अण्णा, ताटलीला हात लावलात?
बराच वेळ फक्त माग.
मग म्हणाले, "रेशनच्या दुकानातलं यंत्र
माझा अंगठा घेत नाही गं.
सुतानं रेघा खाल्ल्या म्हणतात.
दर महिन्याला सुनेला रांगेत उभं करायचं.
तुझं ते मऊ दिसलं. म्हटलं, हे तरी घेतंय का बघू."

नियम असा की वाढलेलं सगळं वाफेत घालून मारायचं.
मी न्हाणी घातली, गादी घातली, अंगणसुद्धा.
चार शेवटी.
दिव्यासमोर धरून बघितली:
रेघा नव्हत्या. तेवढं यंत्राचं बरोबर.
अंगठा मात्र होता.

अहवालात मी लिहीन: गादी भिंतीपासून दूर करा,
ओल शोधा, ओल्या फडक्यानं पुसा,
माग आणि झोपायची जागा वेगळी ठेवा.
शेवटचं लिहिताना पेन अडेल,
दोन खोल्यांच्या घरात
वेगळं म्हणजे कुठलं ते मला माहीत नाही.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा अण्णा आधीच तयार.
माग बंद करून पाटावर बसलेले,
दोन्ही हात मांडीखाली दाबून.
शर्वाणी त्यांना टेकलेली.
"आजोबा, श्वास पण... घ्यायचा नाही काय?"
त्यांनी माझ्याकडं बघितलं.
घ्यायचा, मी म्हणाले.
सावकाश.